‘चौकी नंबर नऊ’ बंद करू नका

“हा माणूस माझ्या दारात आला ना, तर त्याला मी पाणीसुद्धा विचारणार नाही,” इंदू म्हणाली आणि पिठाच्या हातानेच तिने पेपर बाजूला सरकवला.

रविवारची सकाळ होती. ती भाकऱ्या थापत होती, मी पाटावर बसून जेवत होतो आणि आमची मुलगी वैजयंती, म्हणजे वैजू, दारात उभी होती.

“वाच गं ते पुन्हा. यांनाही ऐकू दे.”

वैजूने पेपर उचलला. वाचायची तिची इच्छा दिसत नव्हती.

“ ‘चौकी नंबर नऊ’मधले जवान इतके बोलतात, की यांना पहारा द्यायला वेळ कधी मिळतो, हा प्रश्न शत्रूलाही पडत असावा. इथला बर्फ कापसाचा आहे आणि अश्रू ग्लिसरीनचे. नायकाच्या बुटाला चिखल लागत नाही आणि त्याच्या बायकोच्या साडीला सुरकुती पडत नाही. वाहिनीने ही मालिका आता सन्मानाने निवृत्त करावी.”

“निवृत्त करावी!” इंदूने भाकरी तव्यावर टाकली. “याच्या बापाची पलटण आहे होय?”

“बर्फाचं बरोबर लिहिलंय,” मी म्हणालो.

“तुम्ही गप बसा.”

“अगं आई, बाबा तर दर गुरुवारी हेच म्हणतात,” वैजू म्हणाली. “पूर्ण वेळ बडबड चालू असते त्यांची. असं नसतं, तसं नसतं.”

“त्यांचं वेगळं. आणि हा ‘आगंतुक’ म्हणजे कोण? धड नावसुद्धा लिहायची हिंमत नाही.”

‘आगंतुक’ या नावाने साताऱ्याच्या एका पेपरात दर रविवारी टीव्हीच्या कार्यक्रमांवर लिहून यायचं. वैजूने पेपरची घडी केली, ती फळीवरच्या डब्यामागे ठेवली आणि मला डोळ्याने खुणावून मागच्या दारी गेली.

मी हात धुवायच्या निमित्ताने मागे गेलो. ती धुण्याच्या दगडावर बसली होती.

“बाबा, गुरुवारी जो मुलगा बघायला येणार आहे ना…”

“तो शेलार. पेपरात काम करतो तो. त्याचं काय?”

“तोच आहे.”

“तोच म्हणजे?”

“आगंतुक.”

मी नळ बंद केला.

विश्वजित शेलार आणि ती एकमेकांना वर्षभर ओळखत होती. तिच्या बँकेत त्याचं खातं होतं. हे स्थळ त्याच्या आत्याकडून आलंय असं तिने आईला सांगितलं होतं, आणि आत्याकडून आलं होतं हे खरंच होतं, कारण त्याला आई-वडील नव्हते आणि आत्यानेच वाढवलं होतं. त्याच्याशीच लग्न करायचं ठरलंय का, असं मी विचारलं. ती म्हणाली, “त्याच्याशीच करायचंय, बाबा. पण आईने हो म्हटलं तर.”

आमच्याकडे हे असंच होतं. मी पायदळात होतो, हवालदार म्हणून निवृत्त झालो. वर्षातले दोन महिने मी घरी पाहुण्यासारखा यायचो. पोर इंदूने एकटीने वाढवली. त्यामुळे वैजूच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा, हे कोणी न बोलता ठरलेलं होतं. तोवर तिने दोन स्थळं परत पाठवली होती. एक मुलगा बोलताना वैजूकडे न बघता मोबाइलकडे बघत होता म्हणून. दुसऱ्याचं कारण तिने सांगितलंच नाही.

“त्याला लिहायला आताच सुचलं?” मी विचारलं.

“त्याला काय माहीत आपल्या घरात काय बघतात ते! मीही सांगितलं नव्हतं. आता आईला कळता कामा नये. आणि बाबा, आणखी एक. गुरुवारी तुम्ही टीव्हीला नावं ठेवू नका. आधीच ती दुखावलीय. शांत बसा. एखादा चांगला शब्द बोला. बोलाल ना?”

“बोलेन.”

“शपथ?”

“अगं, वीस वर्षं गप्प बसायचाच पगार घेतला मी,” मी म्हणालो, तेव्हा कुठे ती हसली.

गुरुवारी पाहुणे पाचला यायचे होते. गुरुवारीच विश्वजितला सुट्टी असायची. त्यांची एसटी बंद पडली आणि ते सव्वासहाला पोचले. मुलगा उंच, चष्मेवाला, शर्टावर एसटीच्या खिडकीची धूळ. आत्या गोल, हसऱ्या आणि बोलक्या. त्यांनी चप्पल काढता काढताच इंदूला सांगितलं, “ताई, मला सात वाजता टीव्ही लागतो हं. आज ‘चौकी’ आहे. तुमच्याकडे बघता का?”

इंदूचा चेहरा उजळला. “आमच्याकडे सात वाजता दुसरं काही होतच नाही.”

मी वैजूकडे बघितलं. तिने पोह्यांचा ट्रे घट्ट धरला होता.

पोहे झाले, चहा झाला. विश्वजितने नोकरीचं विचारलं तेवढंच सांगितलं. पेपरात काय करता, असं इंदूने विचारलं तेव्हा तो म्हणाला, “पुरवणीचं काम बघतो, काकू,” आणि पाण्याचा पेला उचलला. इंदूने त्याच्या बशीत आणखी पोहे वाढले. माझ्या मनात आलं, आता फक्त एक तास काढायचा आहे.

सात वाजता टीव्ही लागला. आमच्या घरी मालिकेच्या वेळी बसायच्या जागा ठरलेल्या होत्या. मी टीव्हीसमोर खुर्चीत आणि इंदू भिंतीला टेकून सतरंजीवर, थोडी तिरकी. आत्या तिच्याशेजारी बसल्या. विश्वजित माझ्या बाजूच्या खुर्चीवर. वैजू स्वयंपाकघराच्या दारात.

त्या दिवशीच्या भागात नायक एकटा पहाऱ्यावर होता. सगळीकडे बर्फ. नायकाने चक्क शेकोटी पेटवली होती. उघड्या डोंगरावर, अंधारात, सीमेवर शेकोटी! मी तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्याने हातमोजे काढले, बंदूक काठीसारखी टेकवली आणि चंद्राकडे बघून तो बायकोशी बोलायला लागला. तुझ्या पैंजणांचा आवाज मला इथे ऐकू येतो, वगैरे. ते संपेचना.

माझ्या पोटात शब्द जमत होते. इंदूने एकदा माझ्याकडे बघितलं. मी टीव्हीकडे बघत राहिलो. तिने पुन्हा बघितलं.

“पहाऱ्यावर शेकोटी करतात का हो?” तिने विचारलं.

“करत असतील कुठे कुठे,” मी म्हणालो.

“आणि हातमोजे?”

“छान दाखवलंय,” मी म्हणालो. “एकदम छान.”

आत्या म्हणाल्या, “बघा! प्रत्यक्ष जाऊन आलेला माणूस सांगतोय.”

जाहिराती लागल्या. इंदू उठली आणि तिने टीव्ही बंद केला. रिमोटचं बटण दाबून नाही, थेट भिंतीवरचा स्विचच बंद केला.

“अहो ताई, अजून अर्धा भाग आहे!”

“राहू दे. आज मजा नाही.”

तिचा आवाज कोरडा होता. ती पोह्यांच्या बश्या गोळा करायला लागली. विश्वजितच्या बशीत पोहे होते, तरी तिने तीही उचलली. काय बिघडलं ते मला कळलं नाही. वैजूलाही नाही. आम्ही दोघांनी ठरल्याप्रमाणे सगळं केलं होतं.

आत्यांना वाटलं, बैठक मोडतेय, आपणच सावरायला हवी. त्या म्हणाल्या, “आमच्या विशूला पण या मालिकेतलं फार कळतं हं, ताई. गेल्या रविवारीच त्याने एवढं मोठं लिहिलंय पेपरात. मी काही वाचलं नाही, चष्मा तुटलाय माझा. पण अख्ख्या गल्लीत पेपर वाटला मी.”

वैजूने डोळे मिटले.

इंदूने बश्या खाली ठेवल्या. “आगंतुक?”

“होय, काकू,” विश्वजित उभा राहत म्हणाला.

“आगंतुक म्हणजे न बोलावता आलेला. तुम्हाला तर आम्ही बोलावलंय. बसा.”

तो बसला.

“लिहिलंत ते लिहिलंत. आता समोर सांगा. काय वाईट आहे मालिकेत?”

“आई, जाऊ दे ना,” वैजू म्हणाली.

“तू थांब. मी यांना विचारतेय.”

त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं, आता हा काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेईल. मीही तेच केलं असतं. केलंच होतं.

“काकू, मालिका वाईटच आहे,” तो म्हणाला. “आता हेच बघा. तो माणूस एकटा उभा आहे, थंडी आहे, भीती आहे. तो पैंजणांवर भाषण कसं देईल? मी कधी पहारा दिलेला नाही. मला माहीत नाही तिथे माणूस काय विचार करतो. पण लिहिणाऱ्यालाही माहीत नाही, आणि त्याने कोणाला विचारलंही नाही, हे दिसतं. राग त्याचा येतो.” मग तो माझ्याकडे वळला. “काका, तुम्ही सांगा ना. तुम्ही काय विचार करायचात?”

वैजू माझ्याकडे बघत होती. मी तिला शपथ दिली होती. पण असं सरळ मला कोणी विचारलं नव्हतं.

“घर बांधायचो,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

“मनात. सगळेच काही ना काही करायचे. आमच्यातला एक जण विहीर खणायचा. रोज पाच हात. पाणी लागलं की दुसरी विहीर घ्यायचा. मी घर बांधायचो. हेच घर. प्लॉट घेतला होता, पैसे साठत होते. आज पाया, उद्या भिंत. चुकलं की पाडायचो आणि पहिल्यापासून. घाई नव्हती ना. बायकोचा विचार असा समोरून केला तर माणूस पहारा देऊ शकत नाही. भिंतीचा विचार करता येतो. आणि शेकोटी!” माझा आवाज चढला. “शेकोटी पेटवली तर तिकडून गोळी येईल ती येईलच, पण त्याआधी आमचा सुभेदार जीव घेईल. आणि हातमोजा काढून बंदुकीच्या लोखंडाला हात लावला की कातडी तिथेच राहते. छान कसलं दाखवलंय, डोंबल!”

इंदू सतरंजीवर बसली होती. कधी बसली ते मला दिसलं नाही.

“घरात काय काय बांधलंत?” विश्वजितने विचारलं.

“स्वयंपाकघर आधी. आता ही आमची खिडकी बघा. या वसाहतीत सगळ्या फौजींची घरं आहेत, सगळ्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी मागे परसाकडे आहे. आमची एकट्याची रस्त्याकडे.”

“आणि रोज धूळ येते तव्यावर,” इंदू म्हणाली. “गवंड्याची चूक झाली म्हणाला होतात.”

“गवंड्याची नाही. मीच सांगितलं होतं त्याला.”

“का?”

आता सांगावंच लागणार होतं. आणि पाहुणे समोर होते.

“आमच्या गावातल्या घरी मी रजेवर आलो की आधी बाहेरच्या सोप्यात बसायला लागायचं,” मी विश्वजितला सांगितलं. तिच्याकडे बघून सांगणं जमलं नसतं. “वडील, चुलते, मग गल्लीतली माणसं. सगळ्यांशी बोलायचं. सून चुलीपाशी, पार मागे, अंधारात. तिने बाहेर यायचं नाही, मी आत जायचं नाही. मी आलोय हे अख्ख्या गावाला कळायचं आणि हिला सगळ्यांत शेवटी. जेवायला एक पाट जास्त मांडा असं कोणी सांगितलं, की तेव्हा हिला कळायचं. तर मी पहाऱ्यावर ठरवलं, आपल्या घराची ती खिडकी रस्त्याकडे ठेवायची. एसटी थांबली की सगळ्यांत आधी हिला दिसलं पाहिजे.”

आत्यांनी पदर डोळ्यांना लावला. त्यांना मालिकेतही तसंच व्हायचं.

“पण काका,” विश्वजित म्हणाला, “हे घर तर तुम्ही निवृत्त झाल्यावर बांधलंत ना?”

“हो.”

“मग एसटीने येणार कोण होतं?”

“तेच तर,” मी म्हणालो. “खिडकी झाल्यावर लक्षात आलं. मीच आत उभा राहून बघत होतो, की आता यायचं कोण राहिलंय?”

आधी वैजू हसली. मग विश्वजित, आणि मग इंदू. इंदू हसायला लागली की तिला ठसका लागायचा. वैजूने तिला पाणी दिलं. ती शांत झाल्यावर विश्वजितला म्हणाली, “आता मी सांगते. ऐका.”

“हे वीस वर्षं तिकडे होते. रजेवर आले की मी विचारायची, कसं असतं हो तिकडे? बरं असतं. थंडी असते का? असते. झालं. दोन शब्दांवर तिसरा नाही. पेन्शनीत आले तरी तेच. कौलं शाकारतील, नळ दुरुस्त करतील, पण बोलायचं नाव नाही. मग ही मालिका लागली. पहिल्याच दिवशी तो नायक बर्फात नुसत्या मोज्यांवर पळाला, आणि हे खुर्चीतून ओरडले, ‘अरे, पाय जातील की!’ आणि सांगायला लागले. त्या दिवशी मला कळलं, की यांच्या डाव्या पायाचं बोट असं काळं का आहे. लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर.”

मी डावा पाय खुर्चीखाली ओढला.

“मालिका वाईट आहे हे मला कळत नाही होय? जितकं चूक दाखवतात तितकं हे बोलतात. मी टीव्ही बघते कुठे? मी यांच्याकडे बघत बसते. आणि तुम्ही लिहिता बंद करा! आज हे म्हणाले, छान दाखवलंय. मी टीव्हीच बंद केला. म्हटलं, तुमचं वाचून यांनी तोंड बंद केलं की काय.”

वैजूने आणि मी एकमेकांकडे बघितलं, आणि लगेच दुसरीकडे.

मी दर गुरुवारी त्या खुर्चीत बसत होतो. ती सतरंजीवर तिरकी का बसते, हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. भिंतीला पाठ टेकता यावी म्हणून, असं मी धरून चाललो होतो.

“म्हणजे काकू,” विश्वजित सावकाश म्हणाला, “आपलं दोघांचं मत एकच आहे.”

“अजिबात नाही. तुम्ही म्हणता, वाईट आहे म्हणून बंद करा. मी म्हणते, वाईट आहे म्हणून चालू ठेवा.”

“बरं. बंद करा असं मी पुन्हा लिहिणार नाही. नावं मात्र ठेवीन. खोटं कौतुक मला जमायचं नाही.”

“खुशाल ठेवा.”

“मग सुधारा असं लिहू?”

“सुधारा तर मुळीच नको!” इंदू एवढ्या मोठ्याने म्हणाली, की आत्या दचकल्या.

ती आत गेली आणि साखरेचा डबा घेऊन आली. आधी आत्यांच्या हातावर, मग विश्वजितच्या. “साखरपुड्याचं नंतर बघू. आज नुसती साखर.” विश्वजित साखर हातात घेऊन तसाच उभा. वैजू म्हणाली, “खा ना,” आणि लाजून आत पळाली. निघताना दारात इंदूने त्याला बजावलं, “पुढच्या गुरुवारी या. आणि सातच्या आत या, जावईबापू. मालिका सुरू झाल्यावर मी दार उघडत नाही.”

ती मालिका पुढे दीड वर्ष चालली. शेवटपर्यंत वाईटच राहिली. विश्वजितने तिला अधूनमधून झोडपलं, पण दिलेला शब्द मोडला नाही. दर गुरुवारी माझ्या बाजूच्या खुर्चीत बसून तो एकेक चूक काढायचा आणि माझ्याकडे बघायचा. मी बोलायचो. मालिका संपल्यावर त्याने दुसऱ्या वाहिनीवरची तशीच एक शोधून दिली. तोवर मला मालिकेची गरज फारशी उरली नव्हती. इंदू विचारायची आणि मी सांगायचो.

इंदू जाऊन आता चौथं वर्ष लागलं आहे. हे सगळं लिहा, असं म्हणून विश्वजित बरेच दिवस मागे लागला होता. मी म्हटलं, लिहायला आमच्याकडे तू आहेस. तो म्हणाला, मी फक्त नावं ठेवतो.

त्या गुरुवारी पाहुणे निघाल्यावर वैजू त्यांना एसटीपर्यंत सोडायला गेली. आम्ही दोघेच स्वयंपाकघरात होतो. इंदू बश्या धूत होती. माझ्याकडे तिची पाठ होती.

“ते घर,” ती म्हणाली. “मनातलं. त्यात मी असायची का?”

“असायचीस की.”

“काय करत असायची?”

“बश्या धूत. नाही तर भाजी निवडत. अशीच, पाठ करून.”

“पाठ करून का?”

मला खोटं बोलता आलं असतं. पण त्या संध्याकाळी एकदा बोललो होतो आणि त्याने काय झालं ते बघितलं होतं.

“चेहरा आठवायचा नाही,” मी म्हणालो. “फोटो होता खिशात. पण पहाऱ्यावर फोटो काढून बघता येत नाही. पाठ आठवायची, हात आठवायचे, आवाज आठवायचा. चेहरा म्हटलं की कुठेतरी जायचा. रजेवर असताना मी कधी नीट बघितलंच नव्हतं बहुतेक. चारचौघांत बघणार कधी?”

नळ चालू होता. तिने तो बंद केला. पदराला हात पुसले आणि माझ्याकडे वळली. कपाळाला साबणाचा फेस लागला होता.

“आता कोणी नाहीये,” ती म्हणाली. “घ्या बघून.”

आणि ती तशीच उभी राहिली. हसली नाही, लाजली नाही. डाव्या भुवईवरची लहानपणी पडल्याची खूण, दाढेकडे आत गेलेला गाल, पिकायला लागलेले कानावरचे केस. मी घाई केली नाही. वैजूच्या चपलांचा आवाज अंगणात येईपर्यंत बघत राहिलो.

आता ती नाही. घरात फार शांत वाटतं, विशेषतः संध्याकाळी. पण तिचा चेहरा मला लगेच आठवतो. समोरून.